छपराचे पत्रे भिंतीला

गेली तीन वर्षं सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी मी वरच्या खोलीच्या भिंतीला हात लावत आलोय. पावसाळ्यात तर रोज. आणि रोज शिव्या घालत आलोय. कधी पावसाला, कधी स्लॅबला, कधी मिस्त्रीला. यंदाच्या आषाढात नऊ दिवस झड बसली होती. सूर्य म्हणून दिसला नाही. पेठेत घरोघरी दोऱ्यांवर ओले कपडे आणि माणसांच्या तोंडावर कंटाळा. नवव्या दिवशी सकाळी भिंतीला हात लावला आणि तसाच खाली फरशीवर बसलो. भिंत कोरडी होती. बत्तीस वर्षं मी एसटी चालवली, पावसात, धुक्यात, रस्ता दिसत नसताना माणसं सुखरूप घरी पोचवली. पण त्या सकाळी वाटलं तसं हायसं मला कधी वाटलं नव्हतं.

एका भिंतीपायी एवढं काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण त्या भिंतीवर माझ्या लेकीचं माहेरी येणं अडलं होतं. आता सगळं नीट पार पडलंय म्हणून हसत सांगतोय, तेव्हा जीव टांगणीला लागला होता.

मंगळवार पेठेत आमचं घर. खाली रस्त्यावर उघडणारी पुढची खोली आणि स्वयंपाकघर, वर एकच खोली. बोळ अरुंद, घराला घर खेटलेलं. वरच्या खोलीवर पूर्वी मंगलोरी कौलं होती. ती मी उतरवली. बायको नको म्हणत होती. तिचं शिलाई मशीन त्या खोलीत असायचं आणि मे महिन्यातसुद्धा कौलाखाली दुपारी बसवतं, असं तिचं म्हणणं. कौलांना करावं तरी काय लागतं? मिरगाच्या आत एक दिवस माणूस लावायचा, कौलं चाळायची, फुटकी बदलायची, शेवाळ खरवडायचं, झालं वर्षाचं काम. पण माझ्या डोक्यात स्लॅब बसला होता. आमच्याकडं स्लॅब म्हणजे पक्कं घर, बाकी सगळं तात्पुरतं. कौलारू घर दाखवताना माणूस 'अजून काम करायचंय' असं म्हणत पुढं सरकतो, आणि स्लॅबचं घर असेल तर पाव्हण्याला जिना चढवून गच्चीवर नेतो. मीही न्यायचो. स्लॅब टाकला त्या दिवशी सगळ्या बोळात जिलेबी वाटली. बायको एवढंच म्हणाली, "आता मशीन पंख्याखाली सरकवा."

ती गेली त्याला तीन वर्षं होऊन गेली. मशीन अजून तिथंच आहे, त्याच पंख्याखाली.

ती गेल्यावरच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर, अगदी वर, स्लॅबला लागून ताटाएवढा ओला डाग दिसला. मी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री मुसलमान, माझ्याच वयाचे, आमच्यापासून दोन बोळ सोडून राहतात. त्यांच्या वडिलांनी आमची कौलं बसवली होती, त्यांनी स्वतः स्लॅब टाकला. मी त्यांना मिस्त्री म्हणतो, ते मला डायवर म्हणतात. नावं एकमेकांची माहीत आहेत, पण कधी लागली नाहीत.

पहिल्या वर्षी आम्ही स्लॅबवर डांबर ओतलं. उन्हाळ्यात ते असं पाघळलं की गच्चीवर गेलं की चप्पल तिथंच आणि पाय पुढं. डाग होता तसाच. दुसऱ्या वर्षी डांबर खरवडून काढलं, जाळी अंथरून पांढऱ्या केमिकलचे दोन हात दिले. ते काम मात्र झकास झालं. ऊन परतायला लागलं आणि खोली निम्मी गार झाली. पण पाऊस सुरू झाला आणि डागाची परात झाली. तिसऱ्या वर्षी माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, आता स्लॅबवर थेंबच पडू द्यायचा नाही. सबंध गच्चीवर लोखंडी अँगल उभे केले आणि निळ्या रंगीत पत्र्याचं छप्पर घातलं. मिस्त्रींनी ते हात राखून नाही केलं. पूर्वेकडनं पत्रे टाकत पश्चिमेला गेले, म्हणजे पत्र्यावर पत्रा चढतो ती फट वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. स्क्रू सगळे उंचवट्यावर. शेतात जशी सरी आणि वरंबा असतो तसा पत्रा असतो. पाणी सरीतनं वाहतं, म्हणून स्क्रू वरंब्यावर मारायचा. खाली रबराचा वायसर. वळवाचा पाऊस आला की त्या पत्र्यावर असा ताशा वाजायचा की खाली टीव्ही ऐकू यायचा नाही. मला मात्र तो आवाज गोड वाटायचा. वाजू दे, म्हटलं, आत तर येत नाही.

त्या वर्षी अर्धी भिंत ओली झाली.

लेक त्याच्या आदल्या उन्हाळ्यात चंदगडकडं दिली होती. जावई काजूच्या कारखान्यात कामाला, घरी तो आणि त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. माणसं चांगली, हे मला पहिल्या चहातच कळलं होतं, पण माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. लग्न ठरवायला गेलतो तेव्हा त्यांचं घर बघितलं. कौलारू, उतार चांगला खडा, वळचण हातभर बाहेर आलेली, आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरनं झड, म्हणजे गवताचा जाड पडदा, बांधलेला. मी म्हटलं, "विहीणबाई, भिंतीला गोधडी घालता व्हय? आमची पोरगी स्लॅबच्या घरात वाढलीया." सगळे हसले. विहीणबाईही हसल्या आणि त्यांनी माझ्या पुढ्यात काजूची ताटली सरकवली. तिथं पाऊस सुरू झाला की चार चार महिने उघडत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पंधरा वर्षं त्या मार्गावर गाडी चालवली मी. पण गाडीच्या काचेतनं घरं बघणं वेगळं आणि घरात राहणं वेगळं.

गेल्या पंचमीला लेक माहेरपणाला आली. वरच्या खोलीतच झोपायची, आईच्या मशीनजवळ. तिसऱ्या दिवशी खोकला धरला तो सासरी परत गेली तरी सुटेना. ओलीचा वास तिच्या साडीला लागला होता. जावई न्यायला आला, तो भिंतीकडं दोनदा बघून गेला. मी बोळाच्या तोंडापर्यंत पोचवायला गेलो आणि परत येऊन पत्र्याला, स्लॅबला आणि स्वतःला भरपूर बोललो.

यंदा कळलं की तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण आई नसलेल्या पोरीचं माहेर म्हणजे काय, एक रिटायर डायवर आणि एक ओली भिंत. माझी थोरली बहीण, मुरगूडची अक्का, म्हणाली, "सव्वा महिना मी येऊन ऱ्हाते, तू काळजी करू नगंस." माणसाची सोय झाली. लेक फोनवर म्हणाली, "आण्णा, मला आईच्या खोलीतच यायचंय." बास. एवढंच. मी तिला हो म्हटलं आणि फोन ठेवून बराच वेळ मशीनचं चाक उगाच फिरवत बसलो.

डोहाळजेवणाला चंदगडला गेलो. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. विहीणबाई पानाला चुना लावत होत्या. म्हणाल्या, "रीत हाय, पाठवायलाच पायजे. पण पावणं, गेल्या सालचा खोकला मी रात रातभर ऐकलाय. श्रावणात बाळंतीण हुणार. ओल्या खोलीत बाळ ठेवायचं न्हाय. मी येऊन खोली बघीन, मगच काय ते ठरवू." मी म्हटलं, "खाली पुढची खोली हाय की." त्या म्हणाल्या, "रस्त्यावर दार उघडतंय त्या खोलीचं. बाळंतीण काय दुकानात बसवायची हाय?" लेक मान खाली घालून बसली होती. ती माझ्या बाजूनं बोलत नव्हती, त्यांच्याही नाही.

चार दिवसांनी विहीणबाई देवीच्या दर्शनाच्या निमित्तानं येणार, असा निरोप आला. आता माझा शहाणपणा ऐका. मी दोन दिवस आधी पश्चिमेच्या भिंतीला रंग दिला. एकट्यानं, शिडीवर चढून. मे महिना, भिंत वरवर सुकलेली, डाग पिवळट पडलेले, दोन हातांत झाकून गेले. मला वाटलं, जिंकलं.

विहीणबाई जिना चढून वर आल्या. मशीनकडं बघून हात जोडले. मग खोलीत चौफेर नजर फिरवली, पश्चिमेच्या भिंतीजवळ गेल्या आणि नाक लावून वास घेतला.

"रंग कवा दिला?"

"झाले की दिवस."

"हाताला लागतोय अजून. आणि एकाच भितीला दिलाय."

"सहज."

"सहज एकच भित कोण रंगवतंय, पावणं?"

कान गरम झाले. राग आला होता तो त्यांचा नव्हे, माझाच. मग मी तोंडाला येईल ते बोलायला लागलो. डांबर सांगितलं, केमिकल सांगितलं, त्यांना गच्चीवर नेऊन पत्रा दाखवला, स्क्रू दाखवले. म्हटलं, "आता याच्यावर काय आभाळ झाकायचं ऱ्हायलंय काय?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कशावरही त्यांची नजर ठरत नव्हती. छताकडं तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"पावसाळी बाजू कुठली?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"पाऊस कुठनं येतोय तुमच्यात?"

"वरनं पडतोय की," मी म्हटलं.

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पाच मिनिटं हसत होत्या. मग जिना उतरून थेट बाहेर, बोळाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला. मी मागनं चप्पल पायात अडकवत. आमच्या पश्चिमेला पूर्वी दुमजली जुनं घर होतं. बायको गेली त्याच उन्हाळ्यात ते पाडलं. मालक परगावी, नवं बांधायचं राहिलंच. रस्त्याकडनं जागेला पत्रे लावून तो मोकळा झाला होता. विहीणबाईंनी दोन पत्र्यांच्या फटीला डोळा लावला.

"हिकडं या, पावणं. बघा."

मी बघितलं. माझ्याच घराची भिंत, आणि मी ती जन्मात बघितली नव्हती. उघड्या विटा. प्लास्टरचा एक कण नाही. सांध्यातला माल बोटानं उकरावा तसा धुऊन गेलेला, आणि वर स्लॅबच्या कडेखाली दोन हात रुंद काळंहिरवं शेवाळ. आमच्या पेठेत हे सगळ्यांचंच असं. शेजाऱ्याची भिंत वितीवर असते, तिथं थापी आत जात नाही, म्हणून त्या बाजूला प्लास्टर कुणी करतच नाही. शेजाऱ्याचं घर हेच आपलं प्लास्टर. ते घर गेलं तेव्हा धूळ आली म्हणून मी आठ दिवस भांडलो, खिडक्या पुसल्या, आणि आपली भिंत उघडी पडली हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. तीन वर्षं झड त्या विटांवर सरळ आपटत होती, आणि मी वर बघत होतो.

"आमच्यात पाऊस आडवा येतोय," विहीणबाई म्हणाल्या. "छप्पर तर समदेच करत्यात. आमी आदी पावसाळी भित झाकतो."

गवताची गोधडी आठवली मला. त्यांनाही आठवली असणार, पण त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मिस्त्रींना हाक मारून आणलं. फटीतनं त्यांनी बघितलं, दाढीवरनं हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "म्या म्हटलं हुतं, डायवर."

"कवा?"

"पैल्या साली. डांबराच्या आदी. कठड्यावरनं वाकून बघितलं आणि म्हटलं, ही भित बी बघाय पायजे. तुमी म्हटलासा, भितीतनं पाऊस येतोय व्हय, तुमी छताचं बघा."

सगळं आठवलं. शब्द आठवले, आवाज आठवला. खालच्या बोळातली माणसं वर बघायला लागली होती एवढा आवाज. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नव्हता. सांगितलं तेवढं छताचं काम मन लावून करत राहिले. आणि मी तीन वर्षं त्यांच्या पाठीमागं त्यांनाच शिव्या घालत होतो. विहीणबाई समोर उभ्या होत्या, तरी म्हटलं, "मिस्त्री, चुकलं माझं."

मिस्त्री म्हणाले, "पावणीबाई, तुमी साक्षीदार. चाळीस वर्सांत पैल्यांदा ऐकलं."

मग घरात येऊन बसलो. मी म्हटलं, उद्याच प्लास्टर करून टाकू. दोघांनी एकदम माना हलवल्या. वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, विटा आतनं ओल्या होत्या. ओल्या विटेवर प्लास्टर म्हणजे ओल आत कोंडून वर बूच मारल्यासारखं, ती मग खोलीतच उतरणार, असं मिस्त्री म्हणाले. शिवाय मिरग तोंडावर आलेला, प्लास्टरला पाणी मारून ते मुरायला दिवस पाहिजेत. विहीणबाई म्हणाल्या, प्लास्टर दिवाळीनंतर, आता गवताची झड बांधा. मिस्त्री म्हणाले, गवताची झड हितं कोण बांधणार, आणि बांधली तर उंदरं हुतील. दोघं आमच्या घरात बसून माझ्या घराचं ठरवत होते आणि मी चहा करत होतो. तीन वर्षांत मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

चहा पिता पिता मिस्त्री वर बघत म्हणाले, "डायवर, हे छप्पर काय कामाचं हाय आता?"

खरंच, काय कामाचं? स्लॅबवर पांढरा लेप होता, तो धड होता. पाणी तिथनं कधी आलंच नव्हतं. निळे पत्रे नुसते ताशा वाजवत होते. "हेच उतरवू आणि भितीला उभं लावू," मिस्त्री म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, "आता बोललासा."

जागेच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, बांधकाम सुरू होईस्तोवर खुशाल लावा. आठवड्याभरात मिस्त्रींनी छप्पर उतरवलं. गच्ची उघडी झाली तेव्हा मी दोनदा आभाळाकडं बघितलं, खोटं कशाला सांगू. पलीकडच्या जागेत बांबूची परांची बांधली. आधी ब्रशनं शेवाळ काढलं, सांधे माल भरून बुजवले. विटांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांच्यावर पत्रे, म्हणजे वीट आणि पत्रा यांच्यात चार बोटं वारा खेळायला जागा. पट्ट्या मुद्दाम छपराच्या अँगलएवढ्याच अंतरावर घेतल्या, जुन्या भोकातच स्क्रू बसावा म्हणून. नाहीतर प्रत्येक पत्र्याची चाळण झाली असती. वायसर सगळे नवे. जुने उन्हानं वाळून कडक झाले होते, नखानं मोडत होते. वरची कड कठड्यावरनं आत दुमडून घेतली, खालची मोकळी सोडली. गच्चीची पाणी जायची तोंडं साफ करून जाळ्या बसवल्या. शेवटचा स्क्रू मारला त्याच संध्याकाळी वळीव आला आणि बोळातली पोरं ओरडत सुटली, डायवरनं घराला रेनकोट घातला. म्हटलं, हसा. मी पण हसलो असतो.

एक गोष्ट राहिली होती. जाताना विहीणबाईंनी सांगितलं होतं, "काम झालं म्हंजे खोली सुकली असं न्हाय. झड बसू दे. झडीत भित कोरडी ऱ्हायली तर पाठवतो."

आणि हीच खरी पंचाईत होती. मिरग नुसता शिंपडून गेला. पंधरा दिवस ऊन. ज्या पावसाला मी तीन वर्षं शिव्या घातल्या त्याची मी वाट बघायला लागलो. तिकडं लेकीला आठवा लागला. पाऊस पडल्याशिवाय भिंतीची परीक्षा होणार नाही, आणि पाऊस धो धो पडला तर चंदगडचा रस्ता बंद. तो रस्ता मला पाठ आहे. ताम्रपर्णीचं पाणी चढलं की कुठं गाडी थांबते, मग पुढच्या कुठल्या ओढ्यावर थांबते, कुठं माघारी फिरवावी लागते, सगळं ठाऊक. पाऊस लवकर यावा आणि हळू यावा, असली मागणी कुठल्या देवाकडं करायची?

आषाढात झड बसली. वारा पश्चिमेचा, पाऊस आडवा, बाहेर पत्रे दिवसभर तडतडत होते. मी दिवसातनं दहा वेळा जिना चढायचो. सहाव्या दिवशी फोन करून सांगितलं, "कोरडी हाय, विहीणबाई." त्या म्हणाल्या, "हातावर भरवसा ठेवू नका. काड्याची पेटी घ्या, भितीला खिळा मारा आणि पेटी भितीला चिकटून अडकवा. तीन दिवस ऱ्हाऊ दे. चौथ्या दिवशी काडी ओढा. पैल्या ओढीला पेटली तर भित कोरडी. ओलीत काडी पेटत न्हाय, आमी जन्मभर बघतोय." मी नवी पेटी आणली आणि स्लॅबखाली, जिथं पहिला डाग पडला होता, तिथंच अडकवली.

चौथा दिवस म्हणजे झडीचा नववा. भिंतीला हात लावला, फरशीवर बसलो, ते सुरुवातीला सांगितलंच. मग उठून पेटी काढली. काडी एकट्यानं ओढायची नव्हती. फोनवर विहीणबाईंना दाखवत ओढणार होतो. व्हिडिओ लावला, लागेना. लेकीला लावला, बंद. जावयाला लावला, रेंज नाही. दहा वाजले, अकरा वाजले. टीव्हीवर तिकडच्या पुराच्या बातम्या. पेटी हातात धरून मी खाली-वर करत होतो. मिस्त्रीही येऊन बसले होते. मनात नको नको ते येत होतं.

साडेबाराला बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. जावयानं मित्राची आणली होती. मागच्या दारातनं आधी विहीणबाई उतरल्या, मग त्यांच्या खांद्याला धरून माझी लेक. मी पायांत काही न घालताच धावलो.

"फोन का उचलत न्हाय?" मी ओरडलोच. जीव भांड्यात पडला की माझा आवाज आधी चढतो.

"पाणी चढाय लागलं," विहीणबाई म्हणाल्या. "काडीची वाट बघत बसलो असतो तर पोरगी तिकडंच अडकली असती. उजाडता उजाडता निघालो. फोन कुणाचा लागतोय या पावसात?"

"आणि भित ओली निघाली असती तर?"

"तर मीच सव्वा महिना पाठ लावून बसले असते भितीला," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली. चांगली जड होती, एका दिवसाच्या मुक्कामाची नव्हती.

वर आल्यावर त्यांनी भिंतीला हात लावला नाही, वासही घेतला नाही. लेक मशीनजवळच्या खाटेवर बसली, तिनं पाय वर घेतले आणि डोळे मिटून घेतले, आणि त्या नुसतं तिच्याकडं बघत राहिल्या. मी पेटी पुढं केली. म्हटलं, आता तरी ओढू या. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. काडी वाया घालवू नका," आणि पेटी त्यांनी कमरेला खोचली.

श्रावणात नात झाली. दवाखान्यातनं घरी आणलं त्या सकाळीही बाहेर झड होती, पत्रे तडतडत होते. मुरगूडहून अक्का आली होती, पण विहीणबाई काही परत गेल्या नव्हत्या. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला मिस्त्रींनी घरनं कोळशाची शेगडी आणून दिली. अक्का माचिस शोधत खाली निघाली, तर विहीणबाईंनी कमरेची पेटी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आता ओढा."

मी काडी ओढली. पहिल्याच ओढीला पेटली.